मुंगी टेंट हाऊसची उधारी

मला आशिया विचाराल तर
एकशेऐंशी खुर्च्या, पांढरी कव्हरं,
अकरा देशांचे झेंडे वीत-वीतभर,
आणि एक अट : टेबल गोल पाहिजे.

गोल म्हणजे कोणी वर नाही, कोणी खाली नाही,
दिल्लीहून आलेला पोरगा म्हणाला.
मी म्हटलं, भिया, इंदुरात एवढं गोल टेबल
कोणाच्या बापाकडे नाही.
मग लग्नातली आठ कमानी टेबलं जोडली,
वर एकच कापड ताणलं, टाचण्या आतून.
सांधे कुठे आहेत ते मला माहीत. बाकी कोणाला नाही.

पक्ष मी चाळीस वर्षं ओळखतो, खुर्च्यांवरून.
सुरईवाले खुर्च्या ओढतात, पाय वाकवतात.
कुलूपवाले मोजून घेतात, मोजून देत नाहीत.
परिषद सुरईवाल्यांनी भरवली, त्यांचं राज्य आहे,
म्हणून कुलूपवाल्यांचा बहिष्कार.
बहिष्काराचा मंडपही माझाच,
बायपासच्या पलीकडे,
तीच कनात, उलटी बाजू बाहेर.

आत पहिला दिवस एका शब्दावर गेला.
'करू' की 'करण्याचा प्रयत्न करू'?
सत्तेतले म्हणत प्रयत्न, विरोधातले म्हणत करू.
झेंडे बदलत होते, हे बदलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नद्या निघाल्या.
सांध्याच्या अलीकडे नेपाळचे म्हातारे गृहस्थ,
पलीकडे बांगलादेशच्या बाई.
म्हाताऱ्यांचा चहा कलंडला
आणि सरळ बाईंच्या कागदांकडे निघाला.
पाण्याला गोल कळत नाही,
उतार कळतो.
दोघांनी घाईत कागद उचलले, एकमेकांचे.
मी फडकं घेऊन धावलो, वाकलो,
आखूड पायाखाली एक कागद चौघडी करून सरकवला.
आदल्या दिवशीचा मसुदा होता.
टेबल डुगडुगायचं थांबलं.

रात्री साडेअकरा. मागचं फाटक,
जिथं भांडी घासतात तिथं
झोकरकर, कुलूपवाल्यांचा वॉर्ड अध्यक्ष.
सकाळी यानंच माइकवरून 'परत जा' केलं होतं,
आवाज अजून बसलेला.
फोनमध्ये रानीपुऱ्याचा सोहेल मनिहार,
वेल्डर, मलेशियात, कुठल्याशा बंदरापाशी,
पासपोर्ट ठेकेदाराच्या कपाटात,
सात महिने पगार नाही.
"मुंगी, त्या मलेशियाच्या बाईंना जरा इकडे..."
"आणि बहिष्कार?"
"तो दिवसाचा."

रोहानाबाई आल्या, चपला हातात,
हिरवळीला नुकतंच पाणी मारलं होतं.
त्यांना हिंदी शून्य,
झोकरकरचं इंग्रजी माझ्याएवढंच.
पण कार्यकर्ता कार्यकर्त्याला वासावरून ओळखतो.
आधी त्यांनी विचारलं, पोराची आई कुठे राहते,
मग ठेकेदाराचं नाव,
मग डोळे मिटून आठवत राहिल्या
त्या बंदरावर आपला माणूस कोण,
ओठ हलत होते,
जशी निवडणुकीच्या आदल्या रात्री
झोकरकर मतदारयादी पुटपुटतो.
तिकडे त्याही विरोधातच.
माझ्या नॅपकिनवर दोन ओळी लिहिल्या,
घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवल्या.
डबीचं झाकण वाजलं, तेवढंच.

तिसऱ्या दिवशी घोषणापत्र. सत्तावीस कलमं.
'प्रयत्न' राहिला. फोटो झाला.
मी खुर्च्या मोजल्या, एकशे एकोणऐंशी.

दीड महिन्यानं सोहेल आला.
विमानतळाबाहेर स्वागताचे दोन मंडप,
एकावर सुरई : परिषदेचं यश,
एकावर कुलूप : आमच्या संघर्षाचं फळ.
दोन्हींचे बांबू माझे.
पोरगा मधूनच निघाला, मान उंच करून शोधत,
दोन हार गळ्यात एकमेकांत गुंतलेले.
आई कडेला बसली होती, झाडाखाली,
खुर्चीवर.
खुर्ची माझी. कोणत्या मंडपातून ओढून नेली,
मी विचारलं नाही.

बिलं दोन्ही थकलीत.
झोकरकर म्हणतो, करू.
सुरईवाले म्हणतात, प्रयत्न करू.