तेरावा पाय

औलूत दुपारी तीनलाच काळोख.
टूलिक्कीनं सोळा पायांचा काळा किडा
ब्रेडबोर्डात रुतवलाय.

वीज दिली की आठही दिवे
आधी वाट्टेल ते बरळतात,
पहिला, चौथा, सातवा,
मग कुठे भानावर येतात.

म्हणून आज तेराव्या पायाला रेझिस्टर,
दुसरं टोक पाच व्होल्टला:
आधी गप्प बस.
आत सरकू देत बिट,
नवा आला की जुने एकेक घर पुढे,
बाहेर कुणाला पत्ता नको.

सोफ्यावर इल्मो, तिचा भाऊ.
कॉफी कशी हवी, विचारून मिनिट झालं असेल.
त्याचे ओठ हलतायत.
ती वायरच सोलत राहते.

बाराव्याला एक टिचकी,
तेराव्याला जमीन.
पाच लागले, तीन नाही. हवे तेच.

"दूध नको,"
इल्मो म्हणाला, सलग.