रिकाम्या जागा भरा

रात्री साडेदहानंतर इंटरनेटची धाप जरा कमी होते,
तेव्हा मी शोधायला बसते.
डोंगरावरून उतरणारी एकच तार,
वाऱ्यानं हलली की देवसुद्धा अर्धेच पोचतात.
काल झ्यूसची नुसती दाढी आली,
चेहरा वाटेतच राहिला.

अकरा मुलं, एक खोली, एक बाई.
सोमवारी धडा आहे: पर्सेफोनी पाताळात जाते.

काय काय मांडून ठेवलंय लोकांनी!
देवांचा वंशवृक्ष, रंगवायला तयार,
बाप पोरं गिळतो त्या फांदीवर हसरा चेहरा
आणि खाली सूचना: आठ वर्षांवरील मुलांसाठी.
‘तुमच्यात कोणता देव दडलाय?’ दहा प्रश्न.
मी सोडवले. हेस्टिया निघाले,
चूल राखणारी, जिची गोष्ट कुणाला आठवत नाही.
बरोबर ओळखलंन मेल्यानं.

मग एक चित्र सापडलं.
तांबड्या भांड्यावर आई आणि लेक,
दोघींच्या मधे मशाल.
भांडं आमच्याच मातीचं,
राहतं मात्र दूरदेशी कुठल्याशा काचेत,
आणि त्या काचेच्या मालकाचं नाव
धान्यदेवीच्या छातीवरून तिरकं गेलेलं,
फिकट, न पुसणारं.
नको असेल तर पैसे भरा.
मी नावासकट छापलं.

प्रिंटरातली लाल शाई संपली होती.
डाळिंब निळसर उतरलं, मुका मार बसल्यासारखं.
म्हणून शेजारच्या थेओपिस्तीबाईंकडून
एक खरं मागून आणलं, कुंपणावरूनच.

सोमवारी ते टेबलावर फोडलं.
प्रत्येकाच्या तळहातावर सहा दाणे, मोजून.
‘खाल्ले की अडकलात,’ मी म्हटलं.
अखिलेआसनं तोवर खाऊन टाकले होते
आणि आणखी मागत होता.
स्तेर्गिओसनं विचारलं, पाताळात रेंज येते का?

मग कागद वाटले.
लेक जाते तेव्हा पृथ्वीवर ______ येतो.
लेक परतते तेव्हा ______ येतो.
उत्तरं माझ्याकडे होती, कागदाबरोबर आयती उतरवलेली:
हिवाळा. वसंत.

द्रोसूलानं छापील अक्षरंच खोडली.
‘लेक’वर काट मारून ‘आई’ लिहिलं.
आई जाते तेव्हा वसंत येतो.
बदाम फुलतो, बॅगेची चेन अडकते,
बस सहाची असते.
आई परतते तेव्हा हिवाळा येतो.
एवढ्यावर न थांबता कडेला, बारीक अक्षरात:
आणि आम्ही दोघी एकाच पलंगावर झोपतो.

तिची आई एप्रिल ते ऑक्टोबर
कोस बेटावर हॉटेलातल्या खोल्या आवरते.
दिवसाला एकोणीस पलंग.
गावातल्या आणखी चौघीजणी जातात.
मला काय माहीत नव्हतं?
ती बस माझ्याच खिडकीखाली थांबते.

मी लाल पेन उचललं,
लाल तेवढं तिथेच उरलं होतं.
आयतं उत्तर म्हणत होतं, चूक.

‘बाई, गोष्टीत लेक जाते.
आमच्याकडे आई जाते.
मग दाणे कुणी खाल्ले?’

मला सांगता आलं नाही.
घरभाडं, वीज, हिच्या दातांची तार,
मोजले तर सहाच्या पुढे जातात.

त्या रात्री पुन्हा बसले.
‘आई पाताळात, मुलगी वर, हिवाळा आवडता’
असं लिहून शोधलं.
बराच वेळ काहीतरी गोल गोल फिरलं.
मग विचारणा आली:
तुम्हाला ‘हिवाळी सहली’ म्हणायचं आहे का?

वह्या तपासून झाल्या होत्या. तिची तेवढी राहिली.
पानाच्या कोपऱ्यात गुलाबी डाग, एकाला एक लागून,
म्हणजे दाणे तिनं खाल्ले नव्हते,
वहीत मिटून ठेवले होते.
मी डाग मोजले. पाच.
एक तरी खाल्ला असेल, किंवा पडला असेल वाटेत.

उत्तरपत्रिकेवर ‘हिवाळा’च्या पुढे
पेन्सिलीनं लिहून ठेवलं:
गुरुवार, साडेचारची बस.
वर्ग अर्धा तास आधी सोडायचा.