दुपारी तीननंतर मासा मागू नका

आधी चपला काढा.
वाळू गार लागेल, लागू दे.
वांचाकोत पाऊस जवळजवळ पडतच नाही.
आई म्हणायची, देवाने आपल्या वाट्याचं सगळं पाणी
समोरच ओतून ठेवलंय.
सकाळी नुसतं धुकं येतं,
दोरीवरची चादर पुन्हा दमट करून जातं.

एक दिवस पुरतो गाव बघायला.
दोन दिवस राहिलात तर कुत्री ओळखू लागतील,
ती काळी, बिनकेसांची.
पाठीला हात लावून बघा,
विझलेल्या चुलीइतकी ऊन असतात.

सहाच्या आत उठलात तर
तेओफिलोकाका परतताना दिसेल,
लव्हाळ्याच्या होडीवर मांड टाकून,
हातात उभा चिरलेला बांबू.
फोटो काढा, आधी विचारा.
तो हो म्हणेल.
मग बसून राहील तसाच, पोट आत ओढून,
तुम्ही दिसेनासे होईपर्यंत.

भिंतीला टेकून उभ्या आहेत ना होड्या, चोची वर करून,
लोकांना वाटतं शोभेला ठेवल्यात.
वाळत असतात त्या.
पाणी पिऊन पिऊन जड होतात,
महिना-दीड महिन्यात नवी बांधायची.
लव्हाळा उत्तरेच्या तळ्यांत वाढतो,
चालत गेलात तर अर्धा तास.
काकाची तीन तळी होती.
आता दीड.
उरलेली कुठे गेली ते विचारू नका,
तो नुसता समुद्राकडे हनुवटी करतो.

लाटांवर उभं राहायला शिकवणारी पोरं रस्त्याभर भेटतील.
एल्मेरकडे जा. ओरडतो, पण बुडू देत नाही.
टेकडीवरच्या चर्चपर्यंत चढा.
मी लग्नानंतर दोनदाच चढले,
तुमचे गुडघे नवे आहेत.

आता खायचं.
बाल्कनीवाल्या हॉटेलात जाऊ नका.
दृश्य चांगलं, मासा बर्फातला.
सेविचे माझ्याकडे खा, सहाच टेबलं आहेत, अकराला उघडते.
लिंबू तुमच्यासमोर पिळीन,
शेजारी रताळ्याची फोड, भाजलेला मका,
तळाला उरलेला आंबट-तिखट रस वाटीने प्या,
त्याला आम्ही वाघाचं दूध म्हणतो.
तीननंतर मासा मागू नका.
मी देणार नाही, आणि जो देईल
त्याच्याकडे खाऊ नका.

संध्याकाळी धक्क्यापाशी फ्लोर दे मारिया
भोपळा-रताळ्याची कडी तळते, काकवीत बुडवून देते.
चार घ्या. तीन घेतलीत तर परत यावं लागतं.

आणि खेकडा.
खेकडा मी करत नाही.
त्यासाठी मागच्या गल्लीत, निळ्या दाराच्या घरात जा,
इसोलिना उकान्यान.
ठेचलेला खेकडा, वर अंडं, समुद्रातलं शेवाळ,
एवढा चांगला या किनाऱ्यावर कुणी करत नाही.
हे मी सांगितलं म्हणून सांगू नका.

बहीण आहे माझी.
आई गेली तेव्हा पाटा तिने नेला,
आमचा वरवंटा अर्ध्या चंद्रासारखा,
दोन्ही हातांनी झुलवायचा.
मी म्हटलं, ने. मिक्सर आहे माझ्याकडे.
त्यावर ती काहीतरी म्हणाली, त्यावर मी.
अकरा वर्षं झाली.
एका गल्लीचं अंतर आहे.
पोरांच्या वाढदिवसाला केकचे तुकडे जातात येतात,
ताटली दुसऱ्या दिवशी धुऊन परत.

तर खेकड्याबरोबर मिरचीची चटणी मागा.
जिभेवर घोळवा.
पाट्यावरची थोडी खरखरीत लागते,
मध्येच एखादं बी दाताखाली येतं.
मिक्सरची लागते गुळगुळीत,
कुणीच केली नसल्यासारखी.
तिचा खांदा दुखतो असं ऐकलंय.
म्हणून विचारते. एरवी मला काय करायचंय.

शेवटची बस साडेनऊला, कोपऱ्यावरून.
रस्ता एकच आहे,
माझ्या दारावरूनच जावं लागेल तुम्हाला.
थांबू नका, बस चुकेल.
जाता जाता सांगा.
खरखरीत की गुळगुळीत,
एवढंच.