साडेआठचा गजर

फोनमध्ये अजून आहे तो.
रोज रात्री साडेआठ, 'आईचं इन्सुलिन'.
आईला जाऊन चौदा महिने झाले.
गजर वाजतो, मी बंद करते
आणि पाय आपोआप ओट्याकडे वळतात,
जणू सुई तिथंच ठेवलीय.

सुईच्या जागी डबा.
लसणाची शेव, मागे कांद्याचा चिवडा,
भद्रकालीतून किलोनं आणलेला,
पाहुण्यांसाठी असावा म्हणून.
पाहुणे येत नाहीत.
दिवा लावत नाही मी.
उजेडात खाल्लं की मोजावं लागतं.

दिवसभर सीबीएसवर माझंच तोंड चालतं:
सटाणा, कळवण, देवळामार्गे,
गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे.
लोक बोचकी उचलतात, पोरं ओढतात, धावतात.
माझ्या शब्दावर अख्खा तालुका हलतो.
रात्री त्याच तोंडाला विचारावं,
बाई, तुला कुठं जायचंय,
तर ते म्हणतं, काहीतरी कुरकुरीत दे.

कॉलेज रोडच्या गायधनी मॅडमनी तक्ता दिला.
खावंसं वाटलं की आधी पाणी प्या,
दहा मिनिटं थांबा, लाट ओसरते.
प्याले. थांबले.
अकराव्या मिनिटाला खोका रिकामा,
बोटाला खव्याचा वास.
तक्ता फ्रिजवर आहे अजून,
द्राक्षाच्या घडाच्या चुंबकाखाली.

मॅडमना एक सांगितलं नाही.
शेवटच्या वर्षी घरातलं गोड
मी कपाटात कुलपात ठेवायचे.
किल्ली ओळखपत्राच्या दोरीला.
आई म्हणायची, कुसुंबा, अर्धा पेढा दे गं,
चिमणीच्या चोचीएवढा.
(माझं नाव कुसुम. कुसुंबा फक्त तीच म्हणायची.)
मी रिपोर्ट पुढे धरायचे. तीनशे बारा.
ती कागदाकडे बघायची,
मग माझ्याकडे,
मग बंद टीव्हीकडे.
डॉक्टर म्हणाले, अगदी बरोबर केलंत.
बरोबरच केलं.
बरोबर केल्याचं एवढं कसलं ओझं,
की ते किलोकिलोनं अंगावर चढावं?

परवा बुधवारी गंगेवर बाजाराला गेले.
मेथी घेतली, ओल्या शेंगा घेतल्या,
परतताना हलवायाच्या दुकानाशी पाय अडले.
किती देऊ ताई, पाव?
एक.
एक किलो?
एक पेढा.
तो हसला नाही. कागदात बांधून दिला,
पैसे घ्यायला मात्र लाजला.

साडेआठ. गजर.
आज दिवा लावला.
आईची बशी काढली, टवका उडालेली,
आणि खुर्चीवर बसले, तिच्याच.
पेढा मोडला. अर्धा तिच्या नावाचा.
कावळ्यासाठी ठेवला नाही, फोटोपुढेही नाही.
दोन्ही अर्धे मीच खाल्ले,
पण आधी एक, मग थांबून दुसरा.
वेलची होती त्यात.
इतक्या महिन्यांत, इतक्या खोक्यांत
मला वेलची लागलीच नव्हती.

मग रडू आलं, नीट, आवाज करून,
वरच्या आहेर वहिनींनी पंखा बंद करून ऐकावं इतकं.
तोंडात घास असला की रडता येत नाही.
बहुतेक त्यासाठीच भरत होते तोंड.

गुरुवारी शेव खाल्ली. उभ्यानं, पण दिवा लावून.
शुक्रवारी नाही.
शनिवारी पुन्हा, आणि जरा जास्तच.
वजनकाट्यावर पाय ठेवला नाही,
त्याच्याशी नंतर बोलेन.

गजर काढला नाही.
नाव तेवढं बदललं,
आता स्क्रीनवर उमटतं: बस.
माझ्या रोजच्या धंद्यातला शब्द.
त्याचे तीन अर्थ निघतात,
आणि साडेआठ वाजता
त्यातला एखादा तरी मला लागू पडतो.