दुरुस्ती यादी, करावे गाव

सकाळी फाइल उघडली तर
करावे गावातली विहीर
नॉर्वेच्या उत्तरेला, बर्फाळ समुद्रात.
एकोणीस आणि त्र्याहत्तर,
रकाने चुकले होते, एवढंच.
आकडे जागच्या जागी बसवले.
विहीर निमूट घरी आली,
थेंबभरही न सांडता.

अकरा घरं अजून शून्य-शून्यवर,
आफ्रिकेजवळच्या पाण्यात
एकाच्या डोक्यावर एक.
पाहणीच्या दिवशी ज्या गल्लीत सिग्नल नव्हता
ती अख्खी गल्ली तिथे.
नव्या पोरांना मी दर पंधरवड्याला सांगते,
माहीत नसेल तर शून्य लिहू नका रे.
माहीत नाही आणि काहीच नाही
यांच्यामध्ये एक समुद्र असतो.
पोरं मान डोलावतात, शून्य लिहितात.

दुपारच्या तपासणीत एक फट लागली, तांबडी.
गावठाण आणि सेक्टर यांच्यामध्ये,
रुंदी चाळीस सेंटिमीटर, लांबी एकोणसाठ मीटर.
सॉफ्टवेअरनं अदबीनं विचारलं,
शेजारच्या मोठ्या आकृतीत विलीन करू?
मोठी आकृती अर्थातच सेक्टरची.
'होय' दाबलं असतं
तर पावणेसहाची बस मिळाली असती.

फीत घेऊन गेले.
तिथे फट नव्हती. गटार होतं,
गटारावर फरशी,
आणि फरशीवर नामीबाई तांडेल
सुकट निवडत बसलेल्या.
ही जागा कोणाची, मावशी?
"बसंल त्याची," म्हणाल्या. मग सूप झटकलं.
"नाय गो. पान्याची लिव.
भरतीला हिकरून येतं, हिकरूनच जातं.
सासऱ्यानं भित बांधली तवा
हातभर मागं सरला व्हता."
फितीचं दुसरं टोक त्यांनीच धरलं.
अजून तिला बोंबलाचा वास आहे.

सात वाजता, रिकाम्या कचेरीत,
नवी आकृती काढली.
दोन्ही शेजाऱ्यांच्या रेषांना टोकाशी टोक,
कुठे चढ नाही, कुठे भोक नाही.
प्रकार: नाला.
मालक: हा रकाना मोकळा सोडता येत नाही,
यादीतूनच निवडावा लागतो,
आणि यादीत पाणी नाही.
तो उद्या गुप्ते साहेबांना विचारीन.
स्रोत: प्रत्यक्ष पाहणी.
अचूकता: पाच सेंटिमीटर,

ओहोटीच्या वेळी.
भरतीचं मोजायला
पुन्हा जावं लागेल.