अकरा सेकंद

वर्गाच्या मागच्या भिंतीवर
जुन्या पडद्याचा चौकोन अजून उमटून आहे,
नवा पडदा जरा डावीकडे बसवलाय.
दोन्हींच्या मधे उरलेल्या मळकट पट्टीखाली
आंसेल्म बसतो, रोज.

विषयाचं नाव सहयोगी डिजिटल माध्यमं.
पहिल्याच तासाला मी सांगितलं होतं,
फाईल एक, हात चार,
पासवर्ड सगळ्यांचा, चूकही सगळ्यांची.
मुलांनी माना हलवल्या
जेवणाच्या सुट्टीआधी हलवतात तशा.

गट तिसरा. अविता वेळीप, गौतमी धावस्कर,
शाहीन, आणि हा आंसेल्म फुर्तादो.
त्यांनी दिवाडीच्या खाजनातली मानस निवडली,
बांधातलं ते लाकडी दार
जे भरतीला आपसूक मिटतं, ओहोटीला उघडतं,
आणि फळी कुजली की
सगळा गाव मिळून बदलायचा, एके काळी.

रायबंदरच्या फेरीत शाहीननं
कॅमेऱ्यापेक्षा नवी चप्पल जास्त सांभाळली.
अवितानं वाऱ्यासाठी म्हणून
रेकॉर्डर ओढणीत गुंडाळला,
पोराला गुंडाळतात तसा.
आंसेल्म बांधावर उकिडवा बसून राहिला.
मी त्याचा तेवढाच फोटो काढला, हजेरीसाठी.

तीन आठवड्यांनी गौतमी कँटीनमध्ये आली.
(मला केबिन नाही, मी तासिकेवर आहे.)
"मॅडम, आंसेल्म काहीच करत नाही,
शेवटी नावं मात्र चौघांची."
तिच्या डोळ्यांखाली जागरणाची रेघ होती,
हातात थंड झालेला भाजी-पाव.
मला खरं वाटलं.
खरं वाटायला सोपं होतं ते.

रात्री ताळगाव पठारावरची वीज दोनदा जाऊन आल्यावर
फाईलचा इतिहास उघडला.
यंत्र बाजू घेत नाही, वेळ लिहितं.
गौतमीनं जोडलं. जोडलं. जोडलं.
शाहीननं रंग बदलला, परत पहिला केला.
अवितानं बेडूक जोडले, मग थोडे हळू केले.
आंसेल्मच्या नावापुढे एकच ओळ,
पहाटे तीन वाजून आठ मिनिटं:
अकरा सेकंद काढले.

काय काढलं ते परत लावून ऐकलं.
त्याचाच आवाज होता, किंचित घोगरा, छान.
गावकारीबद्दलचं एक भारदस्त वाक्य म्हणत होता,
मीच लिहून दिलेलं.

दुसऱ्या दिवशी विचारलं.
तो वहीच्या कोपऱ्याशी बोलल्यासारखा म्हणाला,
"थंय उदक उलयतालें, मॅडम.
हांव मदीं कित्याक?"

पोर्टलवर रकाने चार:
संकल्पना, तंत्र, सहभाग, एकूण.
वगळण्याला रकाना नाही.
माझ्या बिलातही घेतलेले तास येतात,
ज्यात गप्प राहिले ते येत नाहीत,
नाहीतर यंदा मीही जरा कमी बोलले असते.

सादरीकरणात ते अकरा सेकंद आले तेव्हा
बाहेरून आलेले परीक्षक उठून
स्पीकरची वायर हलवू लागले.
अविता, जी सहामाहीत चारदा बोलली असेल,
म्हणाली, "राहू दे सर, चालू आहे."
मानशीच्या फळीला पाणी येऊन टेकत होतं.
एकदा. मग बराच वेळ नाही.
मग पुन्हा.
शाहीनची चप्पल खुर्चीखाली स्थिर.
गौतमी पडद्याकडे बघत नव्हती,
आंसेल्मच्या मानेकडे बघत होती.

पाचला पोर्टल बंद होतं.
सहभागाखाली त्याला सात लिहिले,
खोडले, नऊ लिहिले.
माझ्या वाक्याचे किती, ते कुणी विचारलं नाही.
पोर्टललाही इतिहास असेलच कुठेतरी;
कुणी उघडला तर माझ्या नावापुढे दिसेल,
चार वाजून बावन्न मिनिटं:
सात काढले.