किल्लीसाठी फोन करा

दारावर चिकटवलेला कागद, उन्हानं विटलेला:
संग्रहालय पाहायचं असेल तर आर्डिथला फोन करा.
खाली नंबर. त्याखाली, वेगळ्या पेननं:
रविवारी चर्च सुटल्यावरच.

सोमवार होता. दहा मिनिटांत आली,
चिखलानं माखलेल्या पिकअपमधून, ओल्या केसांनी,
ऐंशीची असेल, हातात किल्ल्यांचा जुडगा
आणि अर्धं खाल्लेलं सफरचंद.
कुठून आलात, हे तिनं विचारलं नाही.
"वारा लागला का वाटेत," एवढंच.

लागला होता. तीनशे मैल लागतच होता.
नेब्रास्कात वारा हेच पहिलं प्रेक्षणीय स्थळ,
माहितीपत्रकात मात्र त्याचं नाव नाही.
तिथं तीन रकाने: प्राणी, इतिहास, संस्कृती,
आणि प्रत्येकाला वेगळं पार्किंग.

दिवे लावत ती पुढे, मी मागे.
हा नांगर. ही चर्चमधली बाजाची पेटी,
भाता उंदरांनी खाल्ला.
आणि हे ढेकूळ: गवताच्या मुळांसकट कापलेली जमीन.
अशा चिपा रचून तिच्या पणजीनं घर उभं केलं.
छतातून साप पडायचे ताटात,
म्हणून वर कापड ताणलेलं.
जळणाला लाकूड कुठलं? बायसनचं वाळलं शेण.
"गोवऱ्या," मी माझ्या भाषेत म्हणाले.
तिनं शब्द घोळवला तोंडात, सफरचंदाच्या फोडीसारखा,
आणि पावतीपुस्तकाच्या पाठीवर टिपून ठेवला.

बायसन कुठे दिसतील?
तिनं हनुवटीनं भिंत दाखवली.
फोटो: रुळांशेजारी हाडांचा ढीग,
वर टोपी घातलेला माणूस.
डोंगर नसलेल्या मुलखातला
एकुलता एक डोंगर.

मग शेवटची काचपेटी. आत काहीच नाही.
निळ्या मखमलीवर दोन ठसे, बोटाएवढे लांब,
तिथला रंग तेवढा उडायचा राहिलेला.
जुनी चिठ्ठी: मणी जडवलेले बाळजोडे. शेतात सापडले, १९११.
देणगी: नील्स थॉर्सन.
"आजोबा माझे," ती म्हणाली.
थोड्या वेळानं:
"शेतात जोडे उगवत नाहीत."
शेजारी नवी चिठ्ठी, कापऱ्या अक्षरात:
पॉनी लोकांचे होते. घरी गेले.

ओक्लाहोमाहून वेंडेल नावाचा एक जण आला होता,
मुलीला कडेवर घेऊन.
कागदपत्रं होती त्याच्याकडे, पण बराच वेळ त्यानं ती काढलीच नाहीत.
मुलीनं काचेला नाक लावलं. तो डाग
आर्डिथनं अजून पुसलेला नाही.
"कमिटीनं आठ महिने घेतले," ती म्हणाली,
"आता म्हणतात, पेटी रिकामी बरी दिसत नाही,
टपालाची तिकिटं लावू.
म्हटलं, मी गेल्यावर लावा."

संध्याकाळी नदीवर.
आडोशाच्या खोपीत बसायचं तिकीट मोठं,
म्हणून तिच्याच मक्याच्या शेताच्या टोकाला गाडी उभी केली.
इंजिन बंद. खिडकी बोटभर उघडी.
प्लॅट नदी मैलभर रुंद, घोट्याएवढी खोल,
कडेला बर्फाची पापडी.
आधी आवाज आला, आभाळाच्या पलीकडून,
कुणी मोठ्या सुपात हरभरे घोळवतंय तसा.
मग करकोचे. दहा. मग मोजणं सुटलं.
पाय खाली सोडून, पंखांची घमेली करून
उतरत राहिले, उतरत राहिले,
पाणी राखाडी झालं, वाळू राखाडी झाली,
आणि त्या एवढ्या कलकलाटात
एकेकाला आपापलं माणूस सापडत होतं.

अंधार पडला तरी आम्ही बोललो नाही.
तिचे केस आता वाळले होते.
मी तिच्याकडे पाहिलं; वाटलं, काही म्हणेल.

"तुमचे दोन डॉलर राहिले," ती म्हणाली,
"संग्रहालयाचे."